चपलांची राखण

कमोड गेला तेव्हा कुठे हिरामण तऱ्यांच्या घरात बैठक बसली.

नळ गेले तेव्हा बसली नव्हती. भिंतीतल्या वायरी उपसून नेल्या तेव्हा थोरला सावळाराम दोन दिवस तणतणला आणि गप्प झाला. राहत्या जुन्या घराकडे जाणारी टेलिफोनची केबल कापली तेव्हा तर सगळ्यांनी टेलिफोनवाल्यांनाच शिव्या घातल्या. पण वरच्या मजल्यावरचा पांढराशुभ्र कमोड, जो पसंत करायला धाकटी सून निशा अख्खं कल्याण पालथं घालून आली होती, तो चोरांनी बुडापासून सोडवला, जिन्यावरून उतरवला आणि मागच्या खिडकीतून काढून नेला, हे कळल्यावर निशाने जे तोंड सोडलं ते कोन नाक्यापर्यंत गेलं असेल.

"बसवताना आपल्या मिस्त्रीनं टवका उडवलेला," शिडी लावून वरच्या खिडकीतून बघून आलेला तिचा नवरा रामनाथ म्हणाला. "यांनी बघ, भिंतीला ओरखडासुद्धा न्हाय."

"कौतुक करताव त्यांचं? मंग जावा, बोलवा त्यांनाच बसवायला!"

बैठक नव्या घराच्या ओट्यावर बसली. दाराबाहेर. आत बसायची सोय नव्हती, आणि तीच तर सगळी रड होती.

तीन मजली घर, कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून. शेतं गोदामांना गेली त्या वर्षी पाया खणला. रंग झाला, फरशी झाली, स्वयंपाकघराला काळा ग्रॅनाइट लागला, आणि घर तसंच रिकामं उभं राहिलं, कारण घरभरणी झाली नव्हती. तऱ्यांच्या घराण्यात नव्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडायचा तो घरच्या लेकीने. सुनेने नाही, भटजीने नाही, कर्त्या पुरुषाने तर नाहीच नाही. लेक पाण्याचा हंडा घेऊन आत जाते, मग बाकीचे. आता हिरामणला दोन्ही पोरगेच. नातवंडं म्हणाल तर तीही सगळी पोरगेच. घरची लेक म्हणावी अशी एकच बाई पृथ्वीवर उरली होती, ती म्हणजे हिरामणची धाकटी बहीण सीताबाई, आणि तिने रामनाथच्या हळदीपासून माहेरचं तोंड बघितलं नव्हतं.

कारण टॉवेल. हळदीत मानाचे टॉवेल-टोपी वाटताना सीताबाईच्या नवऱ्याच्या, नामाच्या, खांद्यावरही टॉवेल पडला. हळदीच्या गोंधळात कोण बघतो? पण पुढे अंबाडीला घरी गेल्यावर नामा त्या टॉवेलाने अंग पुसायला गेला तर तो पाठीवर पुरेना. झालं! "जावयाला टावेल सांगून रुमाल दिला," हे वाक्य अंबाडीहून निघालं ते वाटेतल्या प्रत्येक नातेवाइकाकडे चहा घेत घेत कोनला पोचलं. हिरामण म्हणाला, टॉवेलच होता. एवढ्यावर बहीणभावाची वर्षंच्या वर्षं अबोल्यात गेली.

"राखणदार ठेवा," सावळाराम म्हणाला.

"ठेवला नव्हता का?" कमळने विचारलं. कमळ त्याची बायको, घरातली थोरली सून.

सगळ्यांनी निशाकडे बघितलं, कारण राखणदार म्हणून ठेवला होता तो तिचा भाऊ प्रितेश. याच ओट्यावर खाट टाकून झोपायचा. चोरांनी त्याच्या अंगावरची मच्छरदाणी सोडवून नेली आणि त्याला सकाळी डास चावायला लागल्यावर कळलं.

"त्याची झोप गाढ हाय," निशा म्हणाली. "त्यात त्याचा काय गुन्हा? आणि कुत्रा ठेवलेला त्याचं कोणी काय बोलत न्हाय!"

कुत्र्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. चोरांनी साखळी नेली आणि कुत्रा ठेवला. जाताना त्याला सुके बोंबील घालून गेले असावेत, कारण तेव्हापासून तो रोज संध्याकाळी मागच्या खिडकीखाली शेपटी हलवत त्यांची वाट बघत बसायचा. खिडकीला लोखंडी ग्रिल बसवलं, तर ग्रिल गेलं.

"बाबा, मी सरळ आत जाऊन झोपतो," सावळाराम म्हणाला.

हिरामण भिंतीला टेकून बसला होता. हर्नियाचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, त्यामुळे तो हळू उठायचा आणि हळू बसायचा, पण बोलायचा मात्र पूर्वीसारखाच.

"उंबरा वलांडून?"

"चोर रोज जातात ते?"

"चोर खिडकीतून जातात. उंबऱ्याला पाय लावला न्हाय त्यांनी."

"मंग मी पण खिडकीतून जातो."

"आपल्याच घरात खिडकीतून जायला आपण चोर हाव का?" हिरामण भडकला.

"आणि गवंडी, सुतार, रंगारी गेले ते?" रामनाथने मध्येच विचारलं. एरवी तो बापाच्या बाजूचा, पण कमोड गेल्यापासून त्याची निष्ठा डळमळीत झाली होती.

"उंबरा बसवला शेवटी. त्याच्या आधी ते घर नव्हतं, काम होतं."

हिरामणकडे अशी उत्तरं तयार असायची.

कमळ मात्र उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि बाहेरूनच आत बघत उभी राहिली. ती रोज अशी उभी राहायची. लग्न होऊन आल्यापासून तिने जुन्या घराच्या मागच्या पडवीत स्वयंपाक केला होता. जमिनीवर बसून, धुरात, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय ताटात बघत. या घरातला स्वयंपाकाचा ओटा तिने स्वतःच्या उंचीला मापून घेतला होता. मिस्त्रीला चारचौघांत सांगितलं होतं, माझ्या कमरेपर्यंत पाहिजे, बोटभर खाली नको. त्याच्यावरचा नळ गेला तेव्हा ती कोणाला दिसू न देता रडली होती. आता तिला ग्रॅनाइटच्या कडेला एक ओरखडा दिसला. कोणीतरी पहार घालून बघितली होती.

ती परत आली ती सरळ सासऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, आत्यांना बोलवा. आजच्या आज."

इतक्या वर्षांत हे वाक्य या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

"मी न्हाय बोलवणार."

"मंग त्या येणार कशा?"

"तिचं घर हाय. आपल्या घरी यायला कोणी आमंत्रण मागतं? लहानपणी खाडीवरून चिखलाच्या पायांनी यायची तेव्हा विचारायची का, दादा येऊ का म्हणून?" हिरामणचा आवाज थोडा हलला. ते लपवायला तो खोकला आणि खोकल्याने टाके ओढले म्हणून आणखी चिडला. "तिनं यावं. मी काय दार लावून बसलो न्हाय."

"दाराला कुलूप हाय, आजोबा," भाविक म्हणाला. कमळचा कॉलेजात जाणारा मुलगा. त्याला आजोबांनी हातातली काठी दाखवली.

कमळने कमरेची किल्ली चाचपली. चिडून उपयोग नव्हता. म्हातारा बोलावणार नाही, म्हातारी येणार नाही, आणि चार दिवसांत तिचा ओटा कुठल्यातरी भंगारवाल्याच्या दारात पडलेला असेल.

"ठीक हाय," ती म्हणाली. "आत जायचं न्हाय ना? नका जाऊ. पण घर रिकामं दिसता कामा नये. चोर पयलं काय बघतो? दाराबाहेरच्या चपला. चपला असल्या म्हणजे आत माणसं."

कधी नव्हे ते निशाने मान डोलावली. "खरं हाय, वहिनी."

दोघी सुना एका बाजूला झाल्या म्हटल्यावर पुरुषांनी वाद घातला नाही.

भाविकने जुन्या घरातून गोणीभर चपला आणल्या. सावळारामचे गमबूट, निशाच्या लग्नातल्या उंच टाचांच्या सँडल, रबरी सपाता, अंगठा तुटलेल्या कोल्हापुरी, कोणाच्यातरी लग्नात बदलून आलेले एकटे बूट. निशाने त्या जोड्या जुळवून ओळीत मांडल्या.

"दुकान काढलंस का?" कमळ म्हणाली आणि पायाने सगळ्या विस्कटून टाकल्या. एक पालथी, एक पायरीवर, दोन एकमेकींवर. "माणसं आली की अशा पडतात."

मग दोरीवर काहीतरी वाळत हवं. चांगली लुगडी टाकली तर चोर तीच नेतील, म्हणून हिरामणची हॉस्पिटलातली पांढरी चादर टाकली. आतून आवाज हवा. भाविकने टेपरेकॉर्डर आणला, सेल घालून, कारण भिंतीत वायरी उरल्या नव्हत्या, आणि एरवीही लाइट जायची तर दिवस दिवस यायची नाही. त्याने पहिली कॅसेट लावली तसा हिरामण ओरडला, "बंद कर! असल्या गाण्यांवर चोर नाचत येतील." घरात दुसरी कॅसेट एकच होती, हिरामणच्या भजनी मंडळाची. त्यात हिरामण स्वतः गात होता आणि मध्येमध्ये "टाळ सांभाळ रे" म्हणून कोणालातरी दटावत होता. भाविकने खिडकीतून हात घालून टेप आतल्या कट्ट्यावर ठेवला. हाताला बंदी नव्हती, बंदी पायाला होती.

राहता राहिली मागची खिडकी. बांधकामाचे बांबू फाटकाशी पडलेले होते. सावळाराम म्हणाला, त्यांची चौकट बांधू आणि खिडकीवर ठोकू. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या कामट्या, सुंभाने आवळायच्या. दोघे भाऊ घरासमोरच्या अंगणात उकिडवे बसले, हिरामण घरामागे खिडकीपाशी जाऊन बसला. ऊन वर आलं तसं रामनाथने डोक्याला पंचा गुंडाळला. भाड्याने आणून ठेवलेल्या पाच-सहा पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्याही कमळने भिंतीकडेला मांडल्या, घर भरलेलं दिसावं म्हणून. कोणी बोलत नव्हतं, कारण बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. आतून भजन ऐकू येत होतं.

आता हे सगळं रस्त्यावरून कसं दिसत असेल, याचा विचार इतक्या डोक्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही, याला काय म्हणावं!

अंबाडीचा एक विटांचा टेम्पोवाला त्या वेळी कल्याणहून विटा भरून परत निघाला होता. हिरामणला तो ओळखायचा. पायाच्या विटा त्यानेच टाकल्या होत्या. त्याला आधी दारातल्या चपला दिसल्या. मग पांढरी चादर. मग खुर्च्या. मग बांबू आवळणारे दोघे भाऊ. त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, पायातल्या चपला काढल्या आणि दाराकडे बघून हात जोडले. नव्या घराला कोणी नमस्कार केला तर रामनाथला बरंच वाटलं. त्यानेही हात जोडले.

"कधी?" टेम्पोवाल्याने हळूच विचारलं.

रामनाथला वाटलं, घरभरणी कधी म्हणतोय. "अजून ठरलं न्हाय," तो म्हणाला. "अंबाडीच्या आत्याची वाट बघतोय. ती आल्याशिवाय काहीच करता येत न्हाय."

"बरोबर हाय. लेकीबाळी आल्याशिवाय कसं करणार?" टेम्पोवाला जवळ सरकला. "ऑपरेशन झालेलं ना त्यांचं?"

"हो. त्याच्यानंतर सगळं अडकलं. त्यांच्यासाठीच तर हे चाललंय सगळं." चोरांना मनात धरून रामनाथने बांबूकडे बोट दाखवलं.

टेम्पोवाल्याने पुन्हा हात जोडले. आतून हिरामण गात होता. "त्यांचाच आवाज ना?"

"टेप हाय."

"तेवढंच राहतं मागं," टेम्पोवाला म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला.

"भला माणूस हाय," रामनाथ भावाला म्हणाला. "आपल्या घराची किती काळजी त्याला."

टेम्पोवाल्याने अंबाडीला पोचल्यावर विटा उतरवल्यासुद्धा नाहीत.

सीताबाई तेव्हा दारात सुकट निवडत होती. त्याने सांगितलं. नामाने कोनला फोन लावून बघितला, लागेना. लागणार कसा, केबल चोरांच्या घरी. रामनाथचा मोबाइल चार्जिंगअभावी मेलेला. फोन लागत नाही म्हणजे घरात खरंच काहीतरी झालंय, असं भावकीतल्या बायकांनी ठरवलं आणि टेम्पोतल्या विटा तिथेच नाक्यावर रचून माणसं भरली.

सीताबाई पुढे बसली. ती रडत नव्हती. तिला रडू येईना, नुसतं घशाशी अडकून राहिलं होतं. तो टेम्पोवाला, ते घर, आणि त्याने आणलेलं 'आत्या आल्याशिवाय काहीच करता येत न्हाय' हे वाक्य. म्हणजे दादा वाट बघत होता. तिने घर बघितलं नव्हतं, पण कोनहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारून तिला त्या घराच्या खिडक्या पाठ झाल्या होत्या. बोलावणं येईल, बोलावणं येईल म्हणून तिने दोन दिवाळ्या घरभरणीचं लुगडं घडी न मोडता ठेवलं होतं. आणि बोलावणं आलं ते असं.

"थांब," ती नाक्यावर म्हणाली.

"आता काय?" नामाने विचारलं.

ती उतरली, कपड्यांच्या दुकानात गेली. "सगळ्यात मोठा टावेल दे," ती म्हणाली. दुकानदाराने दाखवला. "याच्यापेक्षा मोठा." त्याने आणखी एक काढला. "याच्यापेक्षा?" शेवटी त्याने माळ्यावरून जो काढला तो चादरीच्या भावाचा होता. तो छातीशी धरून ती परत टेम्पोत चढली. नामा खिडकीबाहेर बघत राहिला. टॉवेलाचा विषय निघाला की तो नेहमीच बाहेर बघायचा.

टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा कमळ अंगणात होती. टेम्पोतून बायका उतरल्या, आणि त्यांच्या पुढे, पदर सुटलेली, हातात टॉवेल, सीताबाई. आणि तिला आता ते अडकलेलं रडू फुटलं.

"दादा रे, माझ्या दादा! माझं तोंड न बघता गेलास रे!"

कमळने सीताबाईकडे बघितलं. चपलांकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं. भजन ऐकलं. आणि सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं. अगं बाई!

"आत्या," सावळाराम पुढे झाला, "अहो, बाबा तर—"

कमळने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. मग कमरेची किल्ली काढली, पायऱ्या चढली, कुलूप काढलं आणि दोन्ही फळ्या सताड उघडून बाजूला उभी राहिली. पाप लागेल का, असं तिच्या मनात आलं. मग ग्रॅनाइटवरचा ओरखडा आठवला. लागू दे, बघून घेऊ.

सीताबाईने पायरीवर सेफ्टी पिन लावलेल्या चपला भिरकावल्या आणि रडत रडत उंबरा ओलांडून आत गेली. उजवा पाय आधी. मागोमाग टेम्पोतल्या बायका आणि नामा.

कमळने डोळे मिटून घेतले. निशाने तिचा हात घट्ट धरला.

हिरामण या वेळी घरामागे, आणून ठेवलेली बांबूची चौकट खिडकीला पुरते की नाही ते बघत होता. आधी त्याला वाटलं, शेजारी कोण गेलं? मग दादा म्हणून हाक ऐकू आली. त्याने खिडकीतून डोकावलं. मोकळ्या दिवाणखान्यात, कोऱ्या फरशीवर, सीता उभी होती. केस पांढरे झाले होते. केव्हा झाले? आपल्याला कोणी सांगितलं नाही.

"कुठं हाय दादा?" ती रिकाम्या खोलीत चहूकडे बघत होती. "नेलात? मी यायच्या आधी नेलात त्याला?" आणि ती तिथेच खाली बसली.

हिरामणचा हात खिडकीच्या कडेवर होता. त्याला हाक मारायची होती. पण, खरं सांगायचं तर, त्याला ऐकायचंही होतं. बाई त्याच्याबद्दल चांगलं बोलत होती. खाडीत बुडताना केसाला धरून बाहेर काढलं ते, तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी तांदळाच्या कणगीमागे लपून रडला ते. हे तिला माहीत होतं? इतक्या वर्षांत आपल्याबद्दल एवढं गोड कोणी बोललं नव्हतं, बायकोसुद्धा नाही, ती होती तेव्हाही. माणसाने एकदा मरून बघावं, असं त्याला वाटलं.

सीताबाईने टॉवेल उलगडला आणि जिथे भावाला ठेवला असता तिथे फरशीवर पसरला. त्याच्यावरून हात फिरवला.

"घे रे दादा. बघ. टावेल केवढा असतो ते बघ! असा असतो टावेल! मेलास पण कबूल न्हाय केलंस!"

"कबूल काय करू?" खिडकीतून गर्जना झाली. "तो पण एवढाच होता!"

आतल्या बायका किंचाळल्या. एक भिंतीला चिकटली, दुसरी रामरक्षा म्हणायला लागली. टेम्पोवाला दारातून उलटा फिरला. सीताबाई मात्र जागची हलली नाही. तिने मान वर करून खिडकीतल्या लाल चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"गप बसा गो," ती बायकांना म्हणाली. "भुताला एवढा राग येत न्हाय. जित्ता हाय."

"जित्ताच हाय मी! आणि टावेल एवढाच होता. दुकानातून मी आणलेला. तुमी तो हळद निघावी म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळलात का न्हाय? उकळलात ना? मंग आटणार न्हाय तर काय वाढणार?"

सीताबाईने नवऱ्याकडे बघितलं. नामा वर बघत होता, जिथे पंखा लागायचा होता त्या हुकाकडे.

"तुमी उकळलात?"

"हूक चांगला दणकट बसवलाय," नामा म्हणाला आणि बांबू बघायला बाहेर गेला.

"ये आत!" सीताबाई भावावर ओरडली. "खिडकीत काय उभा हास चोरासारखा?"

खिडकीतून येणं हिरामणच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो घराला पूर्ण वळसा घालून आला. टाके सांभाळत, काठी टेकत, त्यामुळे वेळ लागला. कोनमधल्या चार-पाच घरची माणसंही तोवर बातमी ऐकून जमली होती. हिरामणने अंगणात त्यांच्याकडे बघून "बसा, बसा" म्हटलं आणि पायऱ्या चढला. उंबऱ्याशी मात्र थांबला.

"हंडा कुठाय?" त्याने विचारलं. "लेक हंडा घेऊन येते. ही हात हलवत आली. त्यात रडत. ही घरभरणी कशी होईल?"

कमळने हातातल्या कुलुपाकडे बघितलं. एवढं करून, पाप करून, आता हंड्यावर अडणार? निशा तेवढ्यात मागल्या मागे घागर आणायला पळाली होती, पण उशीर झाला होता, पाय तर पडून गेला होता.

सीताबाई उठली. पदराने तोंड पुसलं आणि तो ओला पदर भावाच्या नाकासमोर धरला.

"हे काय हाय? पाणीच ना? अंबाडीपासून भरून आणलंय. तुझ्या हंड्यात मावलं नसतं एवढं. आत ये मुकाट्यानं."

हिरामणने त्या पदराकडे बघितलं. त्याचे ओठ काहीतरी पुटपुटले. मग त्याने पाय उचलला आणि आत आला. सीताबाईने फरशीवरचा टॉवेल उचलला, झटकला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. तो पुढे गुडघ्यापर्यंत आला.

"मोठा हाय," हिरामण म्हणाला.

"उकळू नको," ती म्हणाली. मग त्याचा हात धरून ती रडली आणि तोही रडला, चारचौघांत, टेम्पोतल्या सगळ्यांसमोर. ज्या कामासाठी माणसं आली होती ते काम असं पार पडलं.

पुढचं सगळं कमळच्या हाती गेलं. गॅस नव्हता, नळ नव्हता, पण ओटा होता. स्टोव्ह आला, निशाच्या घागरीचं पाणी आलं, शेजारून परात आली. मयताला म्हणून आलेली माणसं घरभरणीचं जेवणार म्हणजे भात आणि बोंबलाचं कालवण तरी हवंच. कमळ नव्या ओट्यासमोर उभी राहिली. बरोबर कमरेपर्यंत. तिने एकदा दोन्ही तळवे ग्रॅनाइटवर ठेवले, गार होता, आणि मग कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचंच असेल असं निशाला वाटलं.

जेवणं झाली. उन्हं उतरली तसा टेम्पोवाला घाई करायला लागला, त्याला नाक्यावरच्या विटांची धास्ती. आणि मग अंगणात जी गंमत झाली! आलेल्यांच्या चपला आणि राखणीच्या चपला अशा मिसळल्या होत्या की कोणाची कुठली पत्ता लागेना. एका बाईने निशाच्या लग्नातल्या सँडल घातल्या आणि माझ्याच आहेत म्हणून भांडली. नामा एका पायात स्वतःची वहाण आणि दुसऱ्यात गमबूट घालून उभा होता.

कमळ आत भांडी उचलत होती तेव्हा हिरामण स्वयंपाकघरात आला. खांद्यावरच्या टॉवेलाखाली काहीतरी धरलं होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. टाके सांभाळत वाकला आणि ओट्याखाली, जिथे गॅसची टाकी ठेवायची होती तिथे अगदी कोपऱ्यात, एक चपलांचा जोड सरकवला. डाव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन होती. उठताना त्याची नजर सुनेशी भिडली.

कमळने तांदळाची गोणी ओढली आणि त्या कोपऱ्यापुढे उभी केली.

आणि दिवाणखान्याच्या दारात उभ्या असलेल्या सीताबाईने ते दोन्ही बघितलं. ती हळूच मागे सरली, बाहेर ओट्यावर गेली आणि मोठ्याने ओरडायला लागली.

"माझ्या चपला कोणी नेल्या गो? आत्ता इथंच काढलेल्या! भाविक, बघ रे! रामनाथ, त्या बांबूखाली बघ!" सगळे शोधायला लागले. ती स्वतःही शोधत होती, फाटकाशी, दोरीखाली, टेम्पोच्या चाकामागे, जिथे नक्की नव्हत्या तिथे.

हिरामण दारात येऊन उभा राहिला. काठीवर दोन्ही हात. चेहरा गंभीर.

"काय सांगू सीते," तो म्हणाला, "या रस्त्याला चोऱ्या फार वाढल्यात."

"कमोडसुद्धा नेतात म्हणे?"

"काय पण नेतात."

सीताबाईने टेम्पोकडे बघितलं, मग घराकडे, एकेका खिडकीकडे. सगळ्या तिला पाठ होत्या तशाच होत्या.

"तुमी निघा," तिने नवऱ्याला सांगितलं आणि पदर खोचला. "एवढे चोर असताना घर टाकून मी कशी येऊ? राखणीला कोणीतरी नको का?"